घरातल्या जुन्या गोष्टी माणसांकडून काढायच्या कशा? (कोकणवाल्यांनो, या धाग्यावर)

ओटीवरची
रविवार, रात्री ९.४०

सध्या घरोघरी ‘आजीची मुलाखत’ नावाचं फॅड आलंय. नातू मे महिन्यात मुंबईहून उतरतो, आजीला चांगलं पातळ नेसायला लावतो, खुर्चीत बसवतो, समोर मोबाईल उभा करतो आणि विचारतो, "आजी, तुझं लहानपण कसं होतं?" आजी म्हणते, "चांगलं होतं हो. गरिबी होती, पण समाधान होतं." झालं. पुढे सगळ्यांना आशीर्वाद. व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर पडतो, खाली जोडलेल्या हातांची रांग लागते, आणि आजीबद्दल कोणाला एक अक्षर नवीन कळलेलं नसतं.

आमच्याकडे (दापोली तालुका) हेच झालं. मोठ्या काकूने कॅमेऱ्यासमोर समाधान सांगितलं. आणि त्याच दुपारी मागच्या पडवीत बरक्या फणसाचे गरे रोवळीवर घासताना, कोपरापर्यंत खोबरेल फासलेलं, कपाळावरची माशी खांद्याने हाकलत, ती सहज म्हणाली, "ही रोवळी आली ना, त्याच साली ट्रंक बुडाली." कुठली ट्रंक? तर पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने काका मुंबईहून हर्णैला आले. बोट काही धक्क्याला लागायची नाही, खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला. वारं सुटलेलं. उतरताना ट्रंक खलाशाच्या हातातून निसटली. ट्रंकेत आत्याच्या लग्नाचं लुगडं. ट्रंक गळाने ओढून काढली, लुगडं गोड्या पाण्यात पिळून वाळत घातलं, पण हिरव्याचा रंग काठावर उतरला तो उतरलाच. आत्या त्यातच उभी राहिली बोहल्यावर. सासरी कोणीतरी विचारलं, तर आजेसासूने सांगितलं म्हणे, "आमच्याकडे अशीच पद्धत आहे."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. आत्याही ऐकत होती, आणि ती मध्येच म्हणाली, "हिरवं नव्हतं गं, जांभळं होतं." पुढचा अर्धा तास दोघींचं त्यावरून वाजलं. त्या भांडणात लग्नातली जेवणावळ, रुसलेले मामा, गॅसबत्ती ऐन मंगलाष्टकात विझली ते, सगळं बाहेर आलं.

तर माझं म्हणणं असं की आयुष्याबद्दल विचारू नये, वस्तूबद्दल विचारावं. हात कामात असताना विचारावं. समोरासमोर बसून तर अजिबात नको, शेजारी बसावं. आणि एकट्या माणसाला धरण्यापेक्षा दोघांना एकत्र आणावं, शक्यतो जे एकमेकांचं ऐकून घेत नाहीत अशा दोघांना. आणखी एक हमखास चालणारी युक्ती म्हणजे मुद्दाम चुकीचं बोलणं. "ही विहीर आजोबांनी खणली ना?" एवढं म्हणा. "आजोबा कसली खणतायत! ते तेव्हा..." असं सुरू होतं की थांबत नाही.

एक छोटी परीक्षा घेऊन बघा स्वतःची. प्रत्येकाला चार पणज्या असतात. त्यातल्या किती जणींचं माहेरचं नाव, माहेरचं गाव तुम्हाला सांगता येतं? आमच्या कुळाचा छापील कुलवृत्तांत आहे, जाडजूड. त्यात पणजोबांच्या नोकरीपासून गोत्रापर्यंत सगळं आहे, पणजीपुढे फक्त सासरचं नाव आणि कंसात गाव. तेही दोघींचं चुकलेलं.

तुमच्याकडे काय चालतं? फणस, काजू, आमसुलं, गणपतीतली रात्र, काहीही सांगा.


खाजणातला खेकडा
रविवार, रात्री १०.२५

पहिला प्रतिसाद माझा, माशाचा वाटा पहिला घेतो.

आमच्या आवशीक विचारलंय, "आये, तू लहानपणी काय काय खेळायची?" तर म्हणता कशी, "खेळाक येळ खंय होतो? तू आधी ती सोलां उन्हात सारख्या कर, मगे सांगतंय." सोलां सारखी केली. मगे म्हणता, "आता त्या बियो वेगळ्यो काढ." शेवटी माझ्याकडून कोकमाचा अख्खा टोप करून घेतला आणि गजाल सांगितली एकच, ती पण माझीच, मी तीन वर्षांचा असताना शेणाच्या खड्ड्यात पडलो होतो ती. बायकोसमोर.

पण ओटीवरची म्हणतात ते खरं आहे. नुसतं बसलेलं कोकणी माणूस बोलत नाही. त्याला वाटतं आपली चौकशी चाललीय.


रहाट
रविवार, रात्री ११.०५

भांडी वाचा.

आमच्याकडे माळ्यावर तांब्या-पितळेचा ढीग होता. वडील मोडीत घालायला निघाले, तेव्हा मी म्हटलं आधी सगळं खाली काढू, चिंच लावून घासू, मग ठरवू. जुन्या भांड्यांवर नावं असतात, ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली. कोणी दिलं, कोणाला दिलं, कशानिमित्त, पुष्कळदा शके किंवा सालसुद्धा. (शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते मार्चमधलं असेल तर ७९.) आमच्या एका घागरीवर आजीच्या मामाचं नाव आणि शके १८७२ निघालं, म्हणजे १९५०-५१. तो मामा पुढे कोणाशी बोलेनासा झाला होता एवढंच आम्हाला माहीत. घागर देण्याइतकं बरं होतं तोवर, हे नवीन कळलं.

आणि एक छोटा पेला निघाला, तोंडाशी चेपलेला. त्यावर एका मुलाचं नाव, खाली ‘बारसे’. त्या नावाचं आमच्या घरात कोणीच नाही. आजीला दाखवला. ती काही बोलली नाही, पदराने पुसला आणि जवळ ठेवला. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर आपणहून म्हणाली, "तुझ्या बाबाच्या आधीचा. देवी आल्या होत्या." बाबांना साठ वर्षांत माहीत नव्हतं की आपण थोरले नाही.

तो पेला सोडून बाकीची भांडी तरीही मोडीत गेलीच, घरात जागा नाही. पण प्रत्येकाचा फोटो आहे, अक्षरांवर रांगोळी चोळून काढलेला. रांगोळीने अक्षर उठून दिसतं.


रेवस धक्का
सोमवार, सकाळी ७.५०

साल सापडत नाही ही सगळ्यात मोठी अडचण. आमची आजी कधीच साल सांगायची नाही. "रामदास बुडाली त्या पावसात मी माहेरी होते" असं सांगायची. रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येताना काश्याच्या खडकाजवळ, सहाशेहून जास्त माणसं गेली. आषाढी अमावास्येचा सुमार, पुष्कळ लोक सणाला घरी निघाले होते. आमच्या भागात अजून माणसं त्यावरून वय मोजतात.

तर मी अशी एक वहीच केलीय. डाव्या बाजूला जगाला माहीत असलेल्या तारखा, उजव्या बाजूला घरातल्या गोष्टी. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ पहाटे. (त्यानंतर बरेच दिवस आमची माणसं अंगणात झोपायची, आणि धाकट्या काकांचा जन्म ‘अंगणातला’.) गिरणी संप १८ जानेवारी १९८२. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा १ मे १९८१. सव्वीस जुलैचा पाऊस २००५. निसर्ग वादळ ३ जून २०२०.

अधिक महिना तर फारच कामाचा. आजी म्हणायची, "तुझ्या मावशीचा जन्म अधिक श्रावणातला." अधिक श्रावण आला १९४७, १९५८, १९६६, १९७७, १९८५, २००४, २०२३ ला, म्हणजे कधी आठ, कधी अकरा, तर कधी एकोणीस वर्षांनी. १९४७ मध्ये मावशी शक्य नाही, १९८५ मध्ये तिचं लग्न झालेलं होतं. उरलेल्यांत शाळेच्या दाखल्याजवळचं साल १९६६. दाखल्यात १९६४ आहे, ते गुरुजींचं.


तिरफळ
सोमवार, दुपारी १.३०

वातावरण जरा बिघडवतो.

ऐकायला गोड आहे हे सगळं, पण माणूस प्रत्येक वेळी सांगताना गोष्ट नव्याने रचतो. आमच्या घरी कित्येक वर्षं ऐकत आलो की पणजोबांनी भर पावसात दाभोळची खाडी पोहून पार केली. आत्याच्या तोंडी खाडी. काकांच्या तोंडी नुसता वहाळ. वडिलांच्या तोंडी, पणजोबांना पोहताच येत नव्हतं. यातलं काय जपायचं? उद्या नातवंडं हे इतिहास म्हणून सांगणार.

कागद बघा की. शाळेचं जनरल रजिस्टर, ग्रामपंचायतीची जन्ममृत्यू नोंद, सात-बारा, जुने फेरफार. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळ्या असतात, तिथे गावाचं आणि आडनावाचं सांगितलं की तुमचे पूर्वज कधी येऊन गेले त्याची त्यांच्या हातची नोंद निघते. ते खरं साहित्य. बाकी गजाली.


ओटीवरची
सोमवार, दुपारी ३.१०

तिरफळ, कागदांना नाही कोण म्हणतंय! पण कागद तरी कुठे सत्यवचनी? आमच्या घरातल्या अर्ध्या माणसांचा वाढदिवस १ जून आहे. शाळा जूनमध्ये, नाव घालायला गेले, गुरुजींनी ठोकली तारीख. रेवस धक्का यांच्या मावशीचंही तेच.

तुमच्या पणजोबांबद्दल मी तिन्ही लिहून ठेवीन. आत्या अशी म्हणते, काका असे, वडील असे. एकच धरून बाकीच्या पुसल्या तर काय राहिलं? आत्याला बाप शूर हवा होता आणि तुमच्या वडिलांना नको होता, हे मला तरी खाडीच्या रुंदीपेक्षा मोलाचं वाटतं.


तिरफळ
सोमवार, दुपारी ३.२५

पणजोबा आत्याचे बाप नव्हेत, आजोबा. पण मुद्दा पोचला.


लाल माती
सोमवार, रात्री ९.००

दोन बाजूंवरून आठवलं. आमच्या घरात १ एप्रिल १९५७ ही तारीख आजोबा ‘एप्रिल फूल’ म्हणून सांगायचे. कूळकायद्याने त्या दिवशी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. आमची बरीच जमीन गेली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी: आजोबा भले, कुळांना पोटच्या पोरांसारखं वागवायचे, आणि कुळांनी कायदा येताच पाठ फिरवली. दर दिवाळीला ही गोष्ट व्हायची, फराळाबरोबर. आजोबांचा आवाज कुठे चढणार आणि कुठे उतरणार ते आम्हाला पाठ होतं.

ती गोष्ट मी कधी तपासली नाही. कोणी तपासते का?


कणगी
सोमवार, रात्री ९.४५

लाल माती, तुमचं गाव कुठलं ते विचारत नाही. आमच्या घरातली तीच तारीख सांगते.

माझी आजी कुळाच्या घरातली. तिची गोष्ट भाताची आहे. झोडणी झाली की खळ्यातच खंडाचं, म्हणजे मालकाला द्यायचं, भात मापलं जायचं. मालकाचा माणूस यायचा, पायली त्याची, मापणारा त्याचा. आजी सांगायची, मापताना तो पायलीवर शीग ठेवायचा, आणि गरजेला आम्हाला भात उसनं देताना मात्र हाताने सपाट करायचा. (हे सांगताना ती हवेत हात फिरवून दाखवायची. तळहात आडवा, सर्रकन. लिहून नाही कळायचं.) पुढे मालकी झाली, पण तारीख आली आणि सगळं मिळालं असं नाही. कूळकायद्याच्या कलम ३२ ग खाली जमिनीची किंमत ठरली, हप्ते भरले, त्या पावत्या आजीने देवघरात तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या. ज्या साली पहिल्यांदा सगळं भात घरात आलं, त्या साली कणगी पुरेना, म्हणून बाळंतिणीच्या खोलीत भात ओतलं. माझी आत्या भाताच्या राशीशेजारी जन्मली.

तुमच्या आजोबांनी भलेपणा केलाही असेल. पण आमच्या आजीच्या गोष्टीत मालक बोलतच नाही, फक्त त्याची पायली येते.

अलिबागेकडचे लोक चरीच्या संपाबद्दल सांगतील. १९३३ ते १९३९, नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून लोकांनी इतकी वर्षं जमिनी कसल्या नाहीत. आमच्या मामेआजीकडे त्या काळातल्या खाण्याच्या गोष्टी आहेत, काय काय खाऊन दिवस काढले त्याच्या. पुस्तकात सालं मिळतात, ते मिळत नाही.


लाल माती
सोमवार, रात्री १०.३०

पायलीचं आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही. पायली मात्र आहे, शोकेसमध्ये, वॉर्निश लावून. उद्या वडिलांना विचारतो.


गिरणगाव
मंगळवार, सकाळी ८.१५

बापे माणसं कधी बोलतात ते कोणी सांगितलंच नाही. ती फणसही सोलत नाहीत.

माझे वडील लालबागला गावाच्या खोलीत राहायचे. एका खोलीत सगळ्या वाडीची माणसं, भिंतीला ओळीने ट्रंका, पाळीपाळीने झोप. एवढं मला माहीत, कारण एवढंच त्यांनी सांगितलं. बाकी ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’. आईकडे मनीऑर्डरची कुपनं आहेत. फॉर्मच्या तळाशी मजकुराला जागा असायची तेवढी. प्रत्येकावर तेच: "सर्व खुशाल. मुलांस शाळेत पाठवणे. भिंतीचे काम तूर्त नको." आईला वाचता यायचं नाही, पोस्टमन वाचून दाखवायचा. तो म्हणे शेवटी स्वतःच्या मनाने एक ओळ जोडायचा, "तुमची आठवण काढलीय हो वहिनी." आईला माहीत होतं तो जोडतो ते. तरी वाचून घ्यायची.

वडील बोलले ते गाडीत. मांडवीने येत होतो, खिडकीशी ते, शेजारी मी. उक्षीनंतर करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. नेटवर्क गेलं, मी फोन खिशात ठेवला. अंधारात खिडकीच्या काचेकडे बघत ते म्हणाले, "संपात मी सहा महिने गावाला पैसे पाठवले ते कुठून, तुझ्या आईला अजून ठाऊक नाही." आणि सांगितलं. ते इथे लिहीत नाही. भोके स्टेशन आलं, उजेड आला, म्हणाले, "चहावाला येतोय का बघ."

तेव्हापासून त्यांना मुद्दाम गाडीनेच नेतो. बसमध्ये बोलत नाहीत, उलटी होते.


आंबोळी
मंगळवार, दुपारी १२.००

गिरणगाव, ते इथे लिहिलं नाहीत हे फार बरं केलंत. माझा मुद्दा तोच. सांगितलेलं सगळं ग्रुपवर टाकायचं नसतं. आमच्या घरी मामीने माजघरात माझ्या बहिणीला जे सांगितलं ते रेकॉर्ड झालं होतं, कोणीतरी ‘किती सुंदर’ म्हणून पुढे ढकललं, आणि मामीच्या माहेरी पोचलं. मामी त्यानंतर भाकरीचं पीठसुद्धा आमच्यासमोर मळत नाही.

विचारून रेकॉर्ड करा. आणि "हे नको लिहू हो" म्हटलं की थांबवा. काही बायकांनी सांगण्यासाठी नाही, उतरवून ठेवण्यासाठी सांगितलेलं असतं.


घाटावरची सून
मंगळवार, दुपारी ४.४०

मी विदर्भातली, लग्न होऊन मालवणात. सुरुवातीला यांच्या घरात कोण काय बोलतं तेच कळायचं नाही, आणि त्याचा उलट फायदा झाला. नवऱ्याने विचारलं तर सासूबाई म्हणतात, "तुका म्हायत नाय काय?" मी विचारलं की सगळं मुळापासून सांगतात, कारण मला काहीच माहीत नसणार याची त्यांना खात्री. देव्हाऱ्यातला नारळ असा का, तुळशीच्या मागे दगड कसला, शिमग्यात पालखी आपल्या दारात आधी का येते. एकदा मी सरळ विचारलं, "हे गाऱ्हाणं घालतात त्यात नक्की काय मागतात?" सासरे उठले आणि अख्खं गाऱ्हाणं म्हणून दाखवलं, मध्ये ‘होय महाराजा’ म्हणायला मला उभं केलं. नवऱ्याने जन्मात ऐकलं नव्हतं घरी.

घरात बाहेरून आलेलं माणूस असेल तर त्याला पुढे करा. जावई पण चालतात, पण ते फार लवकर घड्याळ बघतात.


सिस्टरबाई
मंगळवार, रात्री ९.२०

देवगडला नर्स आहे, म्हाताऱ्या माणसांत दिवस जातो. दोन गोष्टी.

माणसाला दहा ते तीस या वयातलं जास्त आठवतं, हे मानसशास्त्रात पुष्कळदा दिसून आलंय. म्हणून नातवंडं झाल्यानंतरचं विचारत बसू नका. शाळा, पहिली नोकरी, लग्नानंतरची पहिली दोन वर्षं, नवं घर, तिकडे वळवा. ज्यांना विसरण्याचा आजार जडलाय त्यांचीही सकाळचा नाश्ता विसरून माहेरची वाट नीट सांगणारी उदाहरणं आमच्याकडे रोज असतात. त्यांना मात्र "आठवतं का?" असं विचारू नका. ती परीक्षा होते, नाही आठवलं की रडू येतं. त्यापेक्षा हातात काहीतरी द्या. तिरफळं चुरगळून नाकाशी धरा, सुरंगीचा वळेसर द्या. आणि चुकलं तर दुरुस्त करू नका. गेलेल्या भावाला ती जेवायला वाढायला सांगत असेल तर "काय आवडायचं त्याला?" एवढंच विचारा.

दुसरं. अमेरिकेत एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना वीस प्रश्नांची एक यादी दिली होती: आईवडील कसे भेटले, आजीआजोबा कुठे वाढले, घरावर वाईट वेळ आली तेव्हा काय झालं, असे. ज्या मुलांना जास्त माहीत होतं त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला. पण यादी घेऊन पोरांकडून पाठ करून घेऊ नका. ड्यूकनीही तेच बजावलंय, उत्तरं पाठ असण्याचा तो गुण नाही, ज्या घरात जेवताना हे बोललं जातं त्या घराचा तो गुण.


बुरशीवाला
बुधवार, सकाळी १०.१०

कोरडा प्रतिसाद देतो, ओल्या हवेसाठी.

रेकॉर्डिंग करताना फोन उभा ठेवू नका, पालथा ठेवा, लोक विसरतात. मिक्सर, पंखा आणि पावसात पत्र्याची शेड टाळा, कौलाखाली आवाज बरा येतो. कोंबडा टाळता येत नाही. फाईलला लगेच नाव द्या: तारीख, कोण बोलतंय, विषय. ‘रेकॉर्डिंग ४७’ नावाची फाईल मेल्यातच जमा. व्हॉट्सॅपवर ठेवलंय म्हणजे जपलंय असं नाही, फोन बदलला की जातं. दोन ठिकाणी कॉपी, त्यातली एक दुसऱ्या गावी. चिपळूणच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला माळ्यावर चढवलेले अल्बमसुद्धा गेले. १८६४ पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, तिथेही पाणी शिरलं.

जुने फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर ओढून काढू नका, आधी पानासकट मोबाईलने फोटो घ्या. फोटोमागे पेनाने लिहू नका, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिल, कडेला. आणि ‘आजी’ असं लिहू नका, पन्नास वर्षांनी कोणाची आजी ते कळणार नाही. नाव लिहा.


रेवदंडा
बुधवार, रात्री ८.३५

आमच्या शेजारच्या घराबद्दल लिहितो. ते बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू) कुटुंब होतं. या लोकांची आडनावं गावावरून, रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी. नौगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे बरेचसे इस्राएलला गेले. तिथेही मराठी धरून आहेत, ‘मायबोली’ नावाचं त्रैमासिक चालवत आले.

काही वर्षांपूर्वी त्या घरातली नातवंडं आली. हिब्रू-इंग्रजी बोलणारी, मराठीचे मोजके शब्द. त्यांना फक्त घर बघायचं होतं. घर पडलेलं, जोतं राहिलंय. पण माझी आई पुढे झाली आणि त्या जोत्यावर त्यांना हिंडवून दाखवलं: इथे घाणा, इथे बैल बांधायचे, या कोपऱ्यात तुमची आजी मलिद्याचे पोहे कालवायची, नारळ आमच्या माडाचा असायचा, इथे बसून तुमचे आजोबा शनिवारी संध्याकाळी आभाळात चांदण्या दिसायची वाट बघायचे, म्हणजे शनिवार सुटून विडी पेटवता येईल. मुलगी सगळं फोनवर टिपत होती. तिच्या आजीने त्यांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

म्हणजे आपल्या घरच्या गोष्टी शेजारच्या घरातही असतात. ओटीवरचीच्या यादीत शेजारीण घाला.


लाल माती
गुरुवार, रात्री ९.५०

वडिलांना पायलीबद्दल विचारलं. शोकेसमधून काढली, हातात दिली आणि आईला म्हटलं थोडे तांदूळ आण. काही न सांगता त्यांनी भरून दाखवली. आधी शीग. मग सपाट, तळहात आडवा. कणगी, तुम्ही लिहिलंय तसाच हात.

म्हणाले, "दोन्ही मापं आमच्याच घरात होती. आम्ही पोरं होतो, आम्हाला वाटायचं मापायची रीतच आहे तशी." आजोबांची दिवाळीची गोष्ट त्यांना खोटी वाटत नाही. औषधपाण्याला आजोबा धावायचे हेही ते सांगतात, नावं घेऊन. दोन्ही लिहून घेतलं. आई मध्ये म्हणाली, "तांदूळ आता परत डब्यात टाका, मुंग्या येतील."


कणगी
गुरुवार, रात्री १०.२०

वाचलं. माझ्या काकाला वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं की ज्यांच्या औषधपाण्याला धावले त्यांची नावं मिळतील का. इथे नको, मला निरोपात पाठवा.


खाजणातला खेकडा
शुक्रवार, सकाळी ७.३०

हे सगळं वाचून मलाही सुरसुरी आली. आमच्या भाटल्यात एक जुना रायवळ आंबा आहे, त्याला ‘खोबऱ्या’ म्हणतात. आवशीक ओटीवरचीच्या पद्धतीने मुद्दाम चुकीचं विचारलं, "आये, ह्यो खोबऱ्या पणज्यान लावल्यान ना?" झालं. "पणज्यान कसलो? तो तुझ्या मोठ्या काकाच्या आवशीन लावल्यान, तिच्या माहेराकडची बाठी. तुझ्या आज्यान नंतर गडगो घातल्यान, तेवा झाड हयसर इला." गडगा आधी की झाड आधी यावर पाऊण तास. आजीची सवत होती हेही त्यातच कळलं, ते वेगळंच.

मी हौसेने सगळं ग्रुपवर टाकलं. (आंबोळी, तुमचा प्रतिसाद मी नंतर वाचला.) आता मोठ्या काकांचा मुलगा ठाण्याहून फोन करून विचारतोय की खोबऱ्या त्यांच्या बाजूचा असेल तर यंदाचे आंबे कोणी उतरवले. ओटीवरची बाईंनी मोजणीच्या दिवशी तलाठ्यासमोर येऊन उभं राहावं, जेवणाची सोय आमच्याकडे. बांगडे आवडतात का ते आधी कळवा.